सूर्यास्त रंगवताना : रंग मोजके, तेल योग्य

दिवाळीची सुट्टी लागली, की बेळगावकरांची पावले कारवार, गोकर्ण, गोवा आणि मालवणकडे वळतात. संध्याकाळी किनाऱ्यावर सगळ्यांचे मोबाइल पश्चिमेकडे रोखलेले असतात. घरी परतल्यावर ते फोटो दोन दिवस इकडून तिकडे जातात आणि विसरले जातात. पण एखाद्याला मात्र वाटते, हे आपण रंगवून पाहावे.

ही इच्छा बहुधा जुनीच असते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत माळ्यावर एक रंगपेटी पडलेली आढळेल. कर्नाटकातल्या शाळेत शिकलेल्यांनी ड्रॉइंगची लोअर आणि हायर ग्रेड दिलेली असते, महाराष्ट्रात शिकलेल्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. दहावीचे वर्ष आले की पेटी बंद होते. ती पुन्हा उघडते तेव्हा मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेली असतात, नाहीतर निवृत्तीची चाहूल लागलेली असते. मग हौसेने तैलरंगांचा संच आणला जातो आणि पहिला विषय ठरतो, समुद्रावरचा सूर्यास्त.

उशिरा सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. कारवारच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना, १८८३ च्या सुमारास, तरुण रवींद्रनाथ तेथे येऊन राहिले होते. ते चित्रकलेकडे मनापासून वळले ते मात्र साठी ओलांडल्यावर.

अडचण येते ती पुढे. पहिल्या चित्रात क्षितिज बरोबर मध्यावर येते, त्यावर मोसंबीएवढा सूर्य, वर भडक केशरी आणि खाली भडक निळे. चित्र भिंतीवर लागते. दोन-तीन वर्षांत पांढरा रंग पिवळट पडतो, आकाशातला गुलाबी उडतो, जाड रंगाला सुरकुत्या किंवा चिरा पडतात. मग माणूस म्हणतो, "आपल्या हातात कलाच नाही," आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि चित्रकला हा माझा छंद आहे. छंदी मंडळींची अशी बरीच चित्रे पाहून झालेले मत सांगतो. दोष क्वचितच हाताचा असतो. सूर्यास्त नीट पाहिलेला नसतो आणि तेलाचा स्वभाव ओळखलेला नसतो. या दोन्ही गोष्टी शिकता येतात आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही.

आधी पाहणे

हात पुढे ताणून करंगळी उभी धरली तर तिच्या टोकाची रुंदी डोळ्याला साधारण एक अंश भरते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असते, म्हणजे करंगळीच्या निम्मे. क्षितिजाजवळ सूर्य मोठा दिसतो तो आपल्या मनाचा भ्रम; मोजले तर तो दुपारच्या सूर्याएवढाच भरतो. समजा, २० इंच रुंदीच्या कॅनव्हासवर समुद्राचा सुमारे ४० अंशांचा देखावा घ्यायचा आहे. हिशेब केला तर सूर्याचा व्यास येतो अवघा पाव इंच! चित्रकाराला थोडे स्वातंत्र्य असते, त्याने तो अर्धा इंच करावा. पण मोसंबीएवढा सूर्य काढला की समुद्र आपोआप तळ्याएवढा होतो. अफाटपणा दाखवायचा असेल तर सूर्य लहान हवा.

दुसरी गोष्ट वेळेची. बिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर जेमतेम अडीच मिनिटे मिळतात. लोक तेवढ्याचे फोटो काढतात आणि भेळ खायला वळतात. आकाशातला खरा सोहळा त्यानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत असतो. ढगांच्या पोटाला खालून उजेड लागतो, जांभळट छाया पसरते, ओली वाळू आरशासारखी आकाश झेलते. या वेळेला मराठीत तिन्हीसांज म्हणतात आणि कन्नडमध्ये मुस्संजे. दोन्ही शब्दांत तीन सांजा आहेत. कन्नडमधला 'होत्तु मुळुगितु' आणि मराठीतला 'दिवस बुडाला' हेही सख्खे भाऊच. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माणसांनी ही वेळ किती बारकाईने पाहिली असेल, हे अशा शब्दांवरून कळते.

किनाऱ्यावर रंगपेटी नेण्याची गरज नाही. एक वही, पेन्सिल आणि मऊ रबर पुरे. क्षितिजाची रेघ, बेटांचे आकार, ढगांचे पट्टे एवढेच काढावे. मग प्रत्येक भागात एक ते पाच असा आकडा घालावा, एक म्हणजे सर्वांत उजळ आणि पाच म्हणजे सर्वांत गडद. शेजारी रंगाचे नाव लिहावे, पण नुसते 'केशरी' नव्हे. 'पिकल्या पपईसारखा', 'चुलीतल्या राखेसारखा', 'जांभळाचा डाग धुतल्यावर उरतो तसा' असे. आईने सांगावे, मुलांनी लिहावे, आजीने तिच्या कन्नडमध्ये भर घालावी. घरातली मंडळी या खेळात छान रमतात. सूर्याकडे मात्र टक लावून पाहू नये, मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. पाहायचे आहे ते सूर्याभोवतीचे आकाश.

मोबाइलच्या फोटोवर फार विसंबू नये. कॅमेरा सूर्याच्या हिशेबाने चालला तर वाळू आणि होड्या काळ्या ठिक्कर पडतात. वाळूच्या हिशेबाने चालला तर सूर्याच्या जागी पांढरे भोक दिसते. शिवाय तो रंग स्वतःच्या मनाने दुरुस्त करतो. फोटो आकारासाठी घ्यावा आणि रंगासाठी वहीवर भरवसा ठेवावा.

कारवारच्या किनाऱ्यावर उभे राहिले की कूर्मगड, देवगड ही बेटे समुद्राची सरळ रेघ मोडतात. चित्राला याचा मोठा उपयोग होतो. डिसेंबरात सूर्य ऐन पश्चिमेला न मावळता डावीकडे, नैर्ऋत्येला सरकलेला असतो. मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास तो ठीक पश्चिमेला येतो. एखाद्या बेटाशेजारी सूर्य हवा असेल तर महिना पाहून जावे.

राखाडीचे काम

सूर्यास्त म्हणजे केशरी, अशी आपली पक्की समजूत आहे. म्हणून दुकानातून सगळ्यात भडक केशरी ट्यूब आणली जाते आणि निम्मे आकाश त्याने भरले जाते. तरीही चित्र उजळत नाही. कारण कॅनव्हासवर सूर्याचा प्रकाश आणता येत नाही. आपल्याजवळचा सर्वांत उजळ रंग म्हणजे ट्यूबमधला पांढरा. तो उजळ भासायचा असेल तर बाकी सगळ्याला आवाज खाली आणावा लागतो.

एक प्रयोग करून पाहावा. केशरी रंगाचा एकसारखा ठिपका एकदा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि एकदा राखाडी कागदावर. पांढऱ्यावर तो मळकट दिसतो, राखाडीवर निखाऱ्यासारखा पेटतो. हा करडा रंग, कन्नडमधला बूदु बण्ण, सूर्यास्ताच्या चित्रात सर्वांत जास्त राबतो. चित्राचा तीन चतुर्थांश भाग निळसर, जांभळट, तपकिरी करड्यांचा असावा आणि शुद्ध केशरी तळहाताएवढ्या जागेत मावावे.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७२ मध्ये ल हाव्र बंदरातली पहाट रंगवली. 'इम्प्रेशन, सनराइज' हे ते चित्र पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. ते सूर्योदयाचे आहे, पण धडा तोच. सगळे बंदर निळसर-करड्या धुक्यात आहे आणि त्यात नारिंगी सूर्याचा लहानसा गोळा आहे. मोबाइलवर या चित्राचा फोटो उघडून तो कृष्णधवल करून पाहावा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! म्हणजे मोनेने तो भोवतालच्या आकाशापेक्षा फारसा उजळ रंगवलेलाच नाही. निळसर करड्याच्या शेजारी नारिंगी ठेवल्यानेच तो झळकतो.

करडा रंग काळ्या-पांढऱ्यातून करू नये. तो सिमेंटसारखा निर्जीव होतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजक्या विटेचा तपकिरी एकत्र केले तर जवळजवळ काळा रंग मिळतो. त्यात पांढरा घालत गेले की सुंदर करडे निघतात. निळा जास्त घातला तर ढगांचा करडा, तपकिरी जास्त घातला तर वाळूचा.

ट्यूबा कोणत्या घ्याव्यात

चोवीस रंगांचा संच घेण्याचा मोह होतो. त्यातल्या पंधरा ट्यूबा तोंड न उघडताच सुकतात. तेवढ्याच पैशांत सात-आठ चांगल्या ट्यूबा सुट्या घ्याव्यात. टायटॅनियम व्हाइट मोठी ट्यूब, कारण निम्मे चित्र त्यावरच होते. त्यानंतर लेमन यलो, कॅडमियम यलो किंवा त्याचा पर्याय, यलो ऑकर, कॅडमियम रेड किंवा त्याचा पर्याय, टिकाऊ जातीचा क्रिमझन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू. केशरी, जांभळा, करडा, हिरवट हे सगळे यातूनच होतात. काळी ट्यूब घेऊच नये.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायची सवय लावावी. नावापुढे 'ह्यू' असे छापले असेल तर मूळ महाग रंगद्रव्याऐवजी दुसऱ्या स्वस्त द्रव्यातून तशी छटा साधली आहे, असे समजावे. यात फसवणूक नाही. शिकताना ते पुरते. 'सिरीज'चा आकडा किमतीचा आहे, दर्जाचा नव्हे. द्रव्य जितके महाग, तितका आकडा मोठा. आणि सर्वांत महत्त्वाची खूण टिकाऊपणाची. काही कंपन्या ती ताऱ्यांनी दाखवतात, काही ए.एस.टी.एम. या मानकाच्या रोमन आकड्याने. आकडा एक किंवा दोन असेल तर रंग उजेडात टिकतो.

सूर्यास्ताच्या चित्रात हे विशेष पाहावे लागते, कारण यातले गुलाबी आणि किरमिजीच आधी उडतात. अलिझरिन क्रिमझन हा जुना, मोहक रंग. पूर्वी तो मंजिष्ठेच्या कुळातील झाडाच्या मुळांतून निघे, १८६८ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला. ट्यूबवर याची खूण पी.आर. ८३ अशी असते. पांढऱ्यात मिसळून पातळ लावला तर काही वर्षांत तो फिका पडतो. त्याऐवजी 'परमनंट' असे लिहिलेला किंवा क्विनाक्रिडोन जातीचा घ्यावा. इंग्रज चित्रकार टर्नर म्हणजे सूर्यास्ताचा बादशहा. १८३९ मध्ये प्रदर्शित झालेले त्याचे 'द फायटिंग टेमरेअर' लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रंग टिकेल की उडेल, याची तो फारशी फिकीर करत नसे. त्याच्या काही चित्रांतले आकाशातले लाल आज फिके झाले आहेत. टर्नरचे फिके चित्रही जग जपते. आपल्याला मात्र नातवंडांसाठी टिकणारेच रंगवायला हवे.

कंपनीचे म्हणाल, तर कॅमलिन आपल्या परिचयाची. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी तिचा पाया घातला, आज ती कोकुयो कॅमलिन आहे. तिचे विद्यार्थ्यांसाठीचे आणि कलावंतांसाठीचे रंग वेगवेगळे येतात. लंडनच्या १८३२ पासूनच्या विन्सर अँड न्यूटनची 'विंटन' ही मालिका शिकणाऱ्यांसाठी आहे. पांढरा आणि मातकट रंग साध्या प्रतीचे चालतील. पिवळा, लाल आणि किरमिजी यांत काटकसर करू नये.

ब्रश चपटे आणि राठ घ्यावेत, एक लहान, एक मध्यम, एक रुंद. पारंपरिक राठ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. ज्या घरांत ते चालत नाहीत, त्यांनी सिंथेटिक घ्यावेत. आता ते चांगले मिळतात. सोबत एक पॅलेट नाइफ. कॅनव्हास प्रायमर लावलेलाच आणावा, सुरुवातीला १२ बाय १६ इंचांचा बोर्ड सोयीचा. कोऱ्या कापडावर तैलरंग थेट लावले तर तेलातील आम्लाने कापड कुजते. घरी कॅनव्हास ताणणाऱ्यांनी त्यावर आधी जेसोचे दोन हात द्यावेत.

जवस, करडई आणि शेंगदाणा

तैलरंग म्हणजे रंगाची भुकटी आणि तेल. हे तेल बहुतेक वेळा जवसाचे. आपल्या घरांत कुणी त्याला अळशी म्हणते, कुणी अगसी. ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याची चटणी आपण खातोच. क्रिकेटच्या बॅटला तेल पाजणाऱ्या मुलांनाही त्याचा वास ठाऊक असतो. विशेष म्हणजे चित्रकाराचा उत्तम कॅनव्हास ज्या लिनन कापडाचा असतो, तेही याच वनस्पतीच्या धाग्यांचे.

मग जवसच का? शेंगतेल किंवा खोबरेल का नाही? कारण तेल पाण्यासारखे वाळत नाही. ओला रुमाल वाळतो तेव्हा पाणी उडून जाते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू ओढून घेते, त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. या काळात त्याचे वजन कमी होत नाही, उलट थोडे वाढते. तेलाची ही ताकद रसायनशास्त्रात आयोडीन मूल्याने मोजतात. जवसाचे मूल्य साधारण १७० ते २००, करडईचे १४० ते १५०, शेंगदाण्याचे ८५ ते १०० आणि खोबऱ्याचे १० च्या आसपास. म्हणजे जवस उत्तम वाळते, करडई सावकाश वाळते, शेंगतेल आणि खोबरेल कधीच वाळत नाही. स्वयंपाकघरातल्या बाटलीतले तेल रंगात घातले तर चित्र वर्षभर चिकट राहील आणि त्यावर धूळ बसेल.

आपल्या उत्तर कर्नाटकात रब्बीला पिकणारी करडई, म्हणजे कुसुबी, चित्रकलेत मानाची आहे. जवस काळाने पिवळट पडते, करडई कमी पडते. म्हणून अनेक कंपन्या पांढरा आणि फिके रंग करडईच्या तेलात घोटतात. मात्र तेही चित्रासाठी शुद्ध केलेलेच घ्यावे, किराणा दुकानातले नव्हे.

आता माध्यमे, म्हणजे रंग पातळ किंवा प्रवाही करण्यासाठी वापरतात ती द्रव्ये. चीड वृक्षाच्या डिंकापासून निघणारे टर्पेंटाइन रंग पातळ करते आणि उडून जाते. रिफाइंड जवसतेल रंगाला चमक आणि प्रवाहीपणा देते. 'स्टँड ऑइल' हे हवा न लागू देता तापवून घट्ट केलेले जवसतेल. ते मधासारखे असते, कमी पिवळे पडते आणि ब्रशचे ओरखडे बुजवते. अल्किड जातीचे माध्यम मिसळले तर थर साधारण एका रात्रीत हाताला कोरडा लागतो. ज्यांना फक्त रविवारच मोकळा मिळतो, त्यांना ते सोयीचे.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे 'बॉइल्ड' जवसतेल दारे-खिडक्यांसाठी ठीक आहे. त्यात लवकर वाळवणारे क्षार असतात आणि चित्र काळपटते. गाडीच्या रंगाचा थिनर तर घरात आणूच नये.

कमी तेलावर जास्त तेल

तैलचित्राचा एकच मोठा नियम आहे. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. गरम दुधावर साय धरते तसा तेलकट थर वरून आधी धरतो, आतून मऊ राहतो. त्यावर कमी तेलाचा, लवकर वाळणारा थर दिला, की खालचा हलतो आणि वरचा चिरतो. नवशिक्यांच्या चित्रांतल्या बऱ्याच भेगांचे मूळ येथे असते.

म्हणून चित्र तीन बैठकांत करावे. पहिल्या बैठकीत बर्न्ट सिएना भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फडक्याने पुसून घ्यावा. पांढऱ्या पृष्ठभागाची भीती जाते आणि चित्रात ऊब राहते. क्षितिजाची रेघ फूटपट्टीने आखावी, ती मध्यावर न घेता वरच्या किंवा खालच्या एक तृतीयांशावर घ्यावी. वहीतले आकडे पाहून गडद जागा पातळ रंगात भराव्यात. मग चार-पाच दिवस थांबावे.

दुसऱ्या बैठकीत ट्यूबमधला रंग तसाच वापरून आकाश एकाच दिवसात पूर्ण करावे. सूर्याच्या जागेपासून बाहेर जावे. आधी पांढऱ्यात किंचित लेमन, मग पिवळा, केशरी, गुलाबी, जांभळट करडा आणि शेवटी निळा. येथे एक खड्डा आहे. पिवळा निळ्याला भेटला की आकाश हिरवे होते. मध्ये गुलाबी-करड्याचा पट्टा ठेवला आणि उबदार रंगांचा ब्रश थंड रंगांना लावला नाही, की हा प्रश्न मिटतो. ढगांच्या कडा कोरड्या मऊ ब्रशने हलकेच पुसाव्यात. सूर्य क्षितिजाला टेकला की ढगांचे पोट उजळते आणि पाठ गडद होते, हे विसरू नये. सूर्याच्या अगदी खाली क्षितिजाची रेघ प्रकाशात विरघळू द्यावी.

तिसरी बैठक आठवड्यानंतर, थर हाताला कोरडा लागल्यावर. एक भाग स्टँड ऑइल आणि दोन भाग टर्पेंटाइन असे मिश्रण लहान बाटलीत करून ठेवावे आणि रंगात काही थेंबच घालावेत. या बैठकीत लाटांचे तपशील, होडी, ओल्या वाळूची झळाळी. सर्वांत शेवटी सूर्य आणि पाण्यावरचे चमचमते ठिपके, जाड रंगात, शक्यतो नाइफने. मग हात आवरावा.

पाण्याचा रंग

समुद्र निळा का, या प्रश्नाने चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्रावर पछाडले होते. समुद्र केवळ आकाशाचे प्रतिबिंब म्हणून निळा नसतो, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिले. प्रकाश विखुरण्याच्या त्यांच्या पुढच्या संशोधनाला १९३० चे नोबेल मिळाले. चित्रकाराला यातून उपयोगाचे ते एवढेच, की समुद्राला एकच रंग नसतो.

संध्याकाळी लाट नीट पाहावी. पाण्याचे आडवे, सपाट भाग क्षितिजाजवळचे आकाश दाखवतात, म्हणून ते केशरी-गुलाबी. लाटेची आपल्याकडे तोंड केलेली बाजू वरचे आकाश दाखवते आणि थोडे आतले पाणीही, म्हणून ती गडद निळसर-हिरवट. हे दोन रंग आडव्या फटकाऱ्यांनी एकाआड एक ठेवले की पाणी हलू लागते. दूरचे फटकारे बारीक आणि दाट, जवळचे मोठे आणि विरळ.

सूर्याचा सोनेरी पट्टा नेहमी सूर्याच्या सरळ खाली, पाहणाऱ्याच्या पायाकडे येतो. तो तिरका काढला तर सगळे चित्र खोटे पडते. क्षितिजाजवळ तो सलग दिसतो, जवळ येताना तुटत जातो. त्या तुटलेल्या फटींतले गडद पाणी जपावे. तिथेच चमक असते.

घरातली काळजी

जवसतेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल प्राणवायू ओढताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि फडके कुठल्याही काडीशिवाय पेटू शकते. फडकी घराबाहेर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत. ही एक गोष्ट तरी प्रत्येक घराने लक्षात ठेवावी.

टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात. घरात दमेकरी, गर्भवती किंवा तान्हे मूल असेल तर कमी वासाचे द्रव्य घ्यावे आणि गच्चीवर किंवा पडवीत बसावे. कॅडमियमचे रंग विषारी असतात, म्हणून रंगवताना खाणे-पिणे नको आणि वाळलेला रंग घासू नये. वापरलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. बाटलीत ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा वापरता येते.

बेळगावच्या पावसाळ्यात रंग वाळायला वेळ घेतात आणि कॅनव्हासला बुरशी धरते. मोठे चित्र नोव्हेंबर ते मे या काळात करावे. ओल येणाऱ्या भिंतीवर ते लावू नये. फ्रेमच्या मागे बुचाचे चार तुकडे चिकटवले की मागून हवा खेळते. व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यावे. आणि चित्र कपाटात किंवा माळ्यावर कोंडू नये. अंधारात जवसतेल पिवळे पडते. उजेडात आणल्यावर ते बरेचसे निवळते.

हात वळावा म्हणून

आपल्या गावाला तैलरंगांची जुनी ओळख आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरात पिढ्या घडल्या. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले आणि २०२२ मध्ये निवर्तलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. परांजपे यांच्या आत्मकथनाचे नाव 'ब्रश मायलेज'. ब्रश किती मैल चालला, त्यावर हात वळतो, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत आहे. गोव्याला गेलात तर पणजीत फुंदासांव ओरिएन्त या संस्थेकडे आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. १८७० मध्ये सांग्यात जन्मलेल्या या गोमंतकीय चित्रकाराचे थर, फटकारे, करडे रंग जवळून पाहण्यासारखे आहेत. छापील चित्रातून तेलाचा थर कळत नाही.

एकदम मोठा कॅनव्हास घेऊ नये. ६ बाय ८ इंचांच्या चार तुकड्यांवर एकच सूर्यास्त चार वेळा करावा, दर वेळी केशरी थोडे कमी करत. चौथा बहुधा पहिल्यापेक्षा शांत आणि उजळ निघतो. मग मोठ्याला हात घालावा.

चित्र पूर्ण झाले की कॅनव्हासच्या मागे पेन्सिलने तारीख, किनाऱ्याचे नाव आणि वापरलेल्या रंगांची यादी लिहावी, मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्या लिपीत हात सहज चालतो तीत. पुढे कधी चित्र दुरुस्त करावे लागले तर ती यादी कामी येते. शिवाय आजोबा-आजी कोणत्या संध्याकाळी कुठे उभे होते, हे नातवंडांनाही कळते.